आरशातलं बोलणं

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज दोघंही गेलो असतो!

देवगाव फाट्याला वैजयंतीच्या बहिणीकडं जेवण होतं. परत निघालो, फाटा सोडून कोसभर आलो असू. रस्ता मोकळा वाटला म्हणून मधोमध चालवत होतो. एकदम वैजयंतीनं पाठीत गुद्दे घालायला सुरुवात केली — दोन्ही हातांनी. दचकून गाडी डावीकडं घेतली, तेवढ्यात उजवीकडून कापसाचा ट्रक गेला. इतका जवळून की ताडपत्रीची लोंबती दोरी माझ्या दंडाला लागली. गाडी मुरमात घसरली, पडली नाही. पण वैजयंतीचा पाय फुटरेस्टवरून निसटला. रबर झिजून साबणासारखं झालेलं. नडगी सोलून निघाली तिची.

खाली उतरली. रडली नाही. म्हणली, "किती येळचा हॉर्न वाजवायलाय तो! कानात बोळे घातलेत का तुमी?"

मी म्हणलं, "विचारात होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. नडगीवरची माती झटकली. मग म्हणली, "चला."

मी कसल्याच विचारात नव्हतो. डोक्यात काहीच नव्हतं. हॉर्न वाजलाच नाही — माझ्यापुरता तरी.

७ नोव्हेंबर

कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथं लिहितो. डावा कान दोन वर्षांपासून गेल्यात जमा. उजवा बरा होता, आता तोही चाललाय. जवळ येऊन, तोंडासमोर बोललं तर कळतं. लांबचं गेलं. कुकरची शिट्टी गेली. सकाळी पूजेला बसतो, घंटी हलवतो. हात हलतो, आवाज नाही. तरी हलवतो.

तीस वर्षं पिठाच्या चक्क्या दुरुस्त करतोय. मानवत, पेडगाव, तिकडं सेलूपर्यंत. दगड बोथटले की लोक मलाच बोलावतात — मल्लेश मिस्तरीला बोलवा! दगडाला टाकी लावायची, पट्टा बदलायचा, मोटार बघायची. माझे वडील, आप्पा, तेही हेच करायचे, आणि शेवटी शेवटी त्यांच्या कानाशी फटाका उडवला तरी कळत नव्हतं. म्हणायचे, चक्कीनं खाल्ले माझे कान. माझेही तिनंच खाल्ले.

पण मिस्तरी बहिरा आहे म्हणल्यावर बोलावणार कोण? दगडाला दगड जुळवायचा तो आवाजावर. मी हल्ली तळहात लावून जुळवतो. पीठ चिमटीत धरतो — गरम लागलं की समजायचं दगड घासायलेत. अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.

येऊ द्यायचं पण नाही.

११ नोव्हेंबर

महारुद्रच्या दुकानात गेलो. मोंढ्याच्या रस्त्याला त्याचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे. पोरं तिथून रंगीत दिवे न काय काय लावून नेतात.

माझ्या गाडीला एक उजवा आरसा, त्यात माझंच कोपर दिसतं. डावा मोडला तो मोडलाच. आजवर अडलं नाही. मागून काही आलं की कान सांगायचे.

महारुद्रनं हँडलच्या टोकाला बसणारे गोल आरसे काढले. बांगडीएवढे. म्हणला, "हे घ्या मिस्तरी, नवीन आलेत. एक नंबर दिसतेत गाडीला."

"मला गाडी दिसायला नको, मागचं दिसायला पाहिजे."

"ह्या वयात मागचं बघून काय करता? पुढं बघा की!" — आणि हसला. मीही हसलो. लांब दांडीचे, मोठ्या चौकोनी काचेचे दोन घेतले. ट्रॅक्टरवाले घेतात म्हणे ते.

घरी लावायला बसलो तर डावा बसला, उजवा बसेना. दाबून फिरवला असता तर हँडलचे आटे गेले असते. बघतो तर माझ्या गाडीला उजवीकडं उलटे आटे! तीस वर्षं पाने-पकडी हातात, आणि हे माहीत नाही. कारण स्वतःच्या हातानं कधी आरसा लावलाच नव्हता. परत जाऊन उलट्या आट्याचा आणला.

१२ नोव्हेंबर

आरसे थरथरतात. गाडी जरा पळायला लागली की मागचा ट्रक म्हणजे नुसता हलता रंग. ट्रक आहे का झाड, कळत नाही.

थरथर मात्र माझ्या ओळखीची आहे. चक्कीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापला, त्याचे वॉशर केले आणि आरशाच्या बुडाखाली घातले. थरथर निम्म्याच्या वर कमी झाली. आता ट्रकचा नंबर वाचता येतो.

वैजयंती दारात उभी राहून बघत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा वाचलो. आरशात ट्रॅक्टर लांब दिसला म्हणून उजवीकडं वळायला लागलो — आणि तो माझ्या मागच्या चाकालाच होता! ड्रायव्हर उभा राहून शिव्या देत गेला. तोंड हलताना दिसलं, तेवढंच.

महारुद्रला दाखवलं. म्हणला, "ही फुगीर काच हाय मिस्तरी. रस्ता पुरा दिसतो ह्याच्यात, पण सगळं बारीक आन् लांब. सपाट काच घेतली तर थोडंच दिसंल, पण जेवढ्यास तेवढं."

उजवीकडं सपाट घेतली, डावीकडं फुगीर राहू दिली. उजवीकडून जीव जातो, तिकडं खरं अंतर पाहिजे.

१९ नोव्हेंबर



वैजयंतीला घेऊन बाजारात गेलो होतो. डावा आरसा जरा आत वळला होता. त्यात रस्त्याऐवजी तिचं तोंड दिसत होतं. म्हणलं पुढं थांबून नीट करू. आणि बघतो तर — ती बोलायलीय!

सारखी. एक हात हलवत. मधेच हसली. मधेच तोंडाला पदर लावला. परत बोलायला लागली. माझी मान आपोआप हलत होती — हं, हं — आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गाडीवर बसली की ती बोलते, लग्नापासूनची सवय. मला वाटायचं अलीकडं गप्प गप्प बसते. वय झालं, म्हणायचो.

ती गप्प नव्हती. दोन वर्षं माझ्या पाठीशी एवढं बोलली आणि मी हं हं म्हणत गाडी चालवली.

काय काय सांगितलं असंल?

आरसा नीट केला नाही. तसाच ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

फुटरेस्टचं रबर आज पुरतंच निघून पडलं, माझ्या डाव्या पायाखालचं. नुसत्या लोखंडावर पाय ठेवून गाडी चालवली, आणि गंमत झाली. इंजिन पायात आलं!

महिनाभर लोक हसत होते. मला इंजिनचा आवाज येत नाही म्हणून दुसऱ्या गेअरवरच गाडी ताणायचो. गल्लीतली पोरं "मिस्तरी, गाडी वरडायलीय!" म्हणून हातवारे करायची. आज लोखंडातून तळपायाला कळलं. आधी बारीक मुंग्या. ताण आला की मुंग्या जाड होतात, घोट्यापर्यंत चढतात. तेव्हा गेअर टाकायचा. टाकला की पाय शांत.

उजवा पाय रबरावर. त्याला काहीच कळत नव्हतं. तो माझ्यासारखा.

२५ नोव्हेंबर

परभणीला गेलो. रबर नसलेले फुटरेस्ट मागितले. दुकानदारानं अल्युमिनियमचे काढले, वर करवतीसारखे दाते. म्हणला, "हे कसरती करणारी पोरं नेतात काका. चप्पल खातंय हे." म्हणलं, खाऊ दे.

वैजयंतीसाठी मागचे रुंद घेतले. तिला रबराचेच, जाड खाचांचे. तिचा पाय घसरायला नको.

बसवायला दुपार गेली. माझे सरळ बसेनात, भोक मोठं आणि बोल्ट बारीक. आत नळीचा तुकडा घालून जुळवलं. मागच्या जागा उंच होत्या, तिचे गुडघे पोटाशी यायचे. वेल्डिंगवाल्याकडून पट्टी जोडून चार बोटं खाली घेतल्या. घडी नीट पडते का, स्प्रिंग धरते का, चाकाला घासत नाही ना — सगळं दहादा बघितलं.

तिला बसवून बघितलं. म्हणली, "खुर्चीवर बसल्यासारखं वाटतंय की! पण माझ्यासाठी कशाला एवढं?"

मनात म्हणलं, ती बसली तर मला कान असतात. म्हणून.

३० नोव्हेंबर, रविवार

तिला माहीत आहे.

आज गाडीवर बसण्याआधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अगदी तोंडासमोर. हळू बोलली, एकेक शब्द. "हे बघा. उजवीकडून काही आलं की उजव्या खांद्यावर हात ठेवीन. डावीकडून आलं की डाव्या. मोठी गाडी असली की दोनदा. समजलं?"

मी म्हणलं, "कशाला? मला दिसतंय की आरशात."

"दिसू द्या. मी ठेवीन."

आणि बसली. मानवत येईपर्यंत माझ्या खांद्यावर तिचा हात होता. एकदा उजवीकडं. एकदा दोनदा. आरशात बघितलं. तोंड मिटलेलं. आज काहीच बोलली नाही.

माझे डोळे भरून आले. रस्ता दिसेना म्हणून थांबावं लागलं. तिला सांगितलं, धूळ गेली.

६ डिसेंबर

लेक ऋतुजा आली बाळंतपणाला. आठवा महिना आहे. जावई रामराव सोडून गेले. ते दोन दिवस होते तेवढे दिवस मी सर्दीचं सोंग करून मफलर गुंडाळून बसलो. पहिलाच जावई, नवी सोयरीक. सासरा बहिरा कशाला कळायला पाहिजे?

वैजयंती आता घर सोडून येऊ शकत नाही. मी एकटाच जातो. आरसे आहेत. पायात इंजिन आहे. जमतं. चांगलं जमतं!

१३ डिसेंबर, शनिवार

काल पेडगावला बन्सीधरच्या चक्कीवर गेलो होतो.

लिहवत नाही.

१५ डिसेंबर

लिहितोच.

बन्सीधर माझं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. तो शेती बघतो, चक्की त्याची बायको नर्मदाबाई चालवते. मी दगडाला टाकी लावली, पट्टा चढवला. नर्मदावैनी दळायच्या खोलीत पट्ट्याच्या चाकाखालचं जुनं पीठ झाडणीनं काढत होत्या. मला वाटलं झाडून बाहेर गेल्या. स्टार्टर भिंतीच्या अलीकडं. तिथून चाक दिसत नाही. आजवर मी "चालू करतो" म्हणून ओरडायचो आणि आतून "करा" यायचं.

मी ओरडलो. आतून काय आलं ते मला माहीत नाही. मी बटण दाबलं.

तळहात स्टार्टरच्या डब्यावर ठेवला, थरथर बघायला. दगड फिरल्याचं कळलं, आणि मधेच एक अडखळल्यासारखा धक्का. तेवढ्यात बन्सीधर शेतावरून आलेला, धावत दारातून घुसला, त्यानं मला ढकलून बटण बंद केलं. त्याचं तोंड एवढं मोठं उघडं. मग मी आत गेलो.

उजव्या हाताची दोन बोटं. पट्टा आणि चाक यांच्यामधे.

गाडी माझीच होती. मधे वैनी, मागं त्यांना धरून बन्सीधर. परभणीपर्यंत मी गाडी कशी चालवली मला माहीत नाही. पण डावा आरसा आत वळलेला होता. त्यात त्यांचं तोंड दिसत होतं. सगळा रस्ता उघडं. त्या ओरडत होत्या, माझ्या कानाच्या मागं, वीतभर अंतरावर.

मला इंजिन कळत होतं पायात. बाकी काही नाही.

१६ डिसेंबर

मधलं बोट पेरापासून काढलं. त्याच्या शेजारचं राहील म्हणतात, पण वाकणार नाही.

दवाखान्यात बन्सीधर मला म्हणला, "मिस्तरी, तुमी मनाला लावून घेऊ नका. हिला शंभर येळा सांगितलंय, पट्ट्याजवळ जाऊ नको म्हणून."

मी मान खाली घातली. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तोंडात शब्द आला होता. गिळला.

वैनी पलंगावर होत्या. हळू बोलत होत्या म्हणून ओठ बघावे लागले. म्हणल्या, "मी थांबा थांबा म्हणून ओरडले हो. पण सर्दीनं घसा बसलाय ना चार दिवस झाले. माझाच आवाज पोचला न्हाई."

माझाच आवाज पोचला न्हाई!

१७ डिसेंबर

काही नाही.

२१ डिसेंबर, रविवार

वैजयंतीला सगळं सांगितलं. ऋतुजा झोपली होती दुपारची. सांगताना माझाच आवाज किती मोठा येत होता कोण जाणे, वैजयंतीनं दोनदा तोंडावर बोट ठेवलं.

ऐकून घेतलं. मग म्हणली, "बन्सीधरभाऊजीला सांगितलं?"

"न्हाई."

"तुमी आरसे बसवले. पायदान बसवले. लय हौसेनं बसवले, मी बघितलं. पण आरसे बसवून कान येत नसतेत. मी दोन वर्ष म्हणायलेय, दवाखान्यात चला. तुमी हं म्हणता."

म्हणजे ते बोलत होती गाडीवर. निदान त्यातलं थोडं तरी.

१ जानेवारी

चक्कीचं काम घेणं बंद केलंय. दोघांनी बोलावलं, पाठ धरलीय म्हणून सांगितलं. गाडी अंगणात उभी आहे. आरशांवर धूळ बसलीय.

९ जानेवारी, शुक्रवार

ऋतुजा मोकळी झाली. मुलगी! दोघी बऱ्या आहेत. वैजयंतीचा हात माझ्या हातात होता, तिनं दाबला तेव्हा कळलं.

१६ जानेवारी

आज बन्सीधर येऊन गेला. बाळाला बघायला. पिशवीतून कुंची काढली — पिवळी, लाल काठाची, कडेला बारीक टाके. म्हणला, "हिनं शिवलीय. डाव्या हातानं शिवायला शिकली बघा. रोज चार टाके घालायची."

वैजयंतीनं कुंची हातात घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

मी उठून बाहेर गेलो. आरशांवरची धूळ पुसली.

१८ जानेवारी, रविवार

पेडगावला जाऊन आलो. वैजयंती म्हणत होती मी येते, ऋतुजाजवळ कोणाला तरी बसवते. नको म्हणलं. हे एकट्याचं आहे.

दोघं अंगणात होती. वैनी तूर निवडत होत्या, डाव्या हातानं. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणलं, "वैनी, तुमचा आवाज पोचला होता. मलाच ऐकू येत न्हाई. दोन वर्ष झाले. कोणाला सांगितलं न्हाई. त्या दिवशी मी नुसतं बटण दाबलं."

बन्सीधर उठला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. लय वेळ बोलला. खांदे हलताना दिसत होते. मला एक शब्द कळला नाही, आणि "काय म्हणलास" असं विचारायचं तोंड नव्हतं.

वैनींना विचारलं, "काय म्हणले?"

त्यांनी मान हलवली. सांगितलं नाही. मग तोंडासमोर येऊन म्हणल्या, "महिनाभर मी ह्यांच्या शिव्या खाल्ल्या मिस्तरी. रोज. तुमी तवाच सांगितलं असतं तर बोट आलं नसतं परत, पण शिव्या तरी चुकल्या असत्या."

पाया पडलो. त्या मागं सरकल्या.

चहा ठेवला नाही. ठेवायलाही नको होता. निघताना बन्सीधर जवळ आला, ओठ दिसतील असा उभा राहिला आणि म्हणला, "चक्कीला मिस्तरी दुसरा बघतो."

वीस वर्षं.

२५ जानेवारी

पेडगावला पुन्हा गेलो. न बोलावता. चाकाजवळ दुसरं बटण बसवून दिलं. ते आतून दाबल्याशिवाय बाहेरचं चालूच होत नाही. बन्सीधर शेतावर होता. वैनींनी दोनदा दाबून बघितलं. म्हणल्या, "हे आधी असतं तर."

हो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

परभणीला कानाचं मशीन घेतलं. बोंडाएवढं आहे. कानात घातल्यावर पहिल्यांदा नुसती खरखर. नर्सबाईनं कागद चुरगळला तर वाटलं पत्रा फाडला!

वैजयंती सोबत होती. येताना गाडीवर बोलली. मशीनमधे वाराच जास्त भरतो, पण मधेमधे शब्द आले. "...भाजी..." "...तुमचं पहिल्यापासून असंच..." मी हं म्हणलं नाही. म्हणलं, "परत सांग."

तिनं परत सांगितलं.

घरी आलो तर बाळ रडत होतं. महिनाभराची झाली पोरगी, आणि मी तिचा आवाज आज ऐकला. एवढा बारीक! मांजराच्या पिल्लासारखा. ऋतुजा म्हणली, "पप्पा, तुमी कशाला रडायलात?"

तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणली, "मला वाटायचं तुमी माझ्यावर नाराज आहात. फोनवर बोलायचाच न्हाईत."

रामरावांना सांगू नको म्हणलं. एवढ्यात नको.

११ फेब्रुवारी

रोज सकाळी पोरीला मांडीवर घेऊन बसतो. मशीन लावून. काहीबाही सांगतो तिला — चक्कीच्या गोष्टी, गाडीच्या गोष्टी. ती माझ्या ओठांकडं टक लावून बघते. एवढं नीट कोणी ऐकलं नाही माझं कधी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऋतुजा न रामरावांसोबत परभणीला दवाखान्यात गेलो होतो. रामरावांना दिसू नये म्हणून मशीनवर मफलर होता. मला वाटलं लस असंल. बाळाच्या कानाची तपासणी होती, दुसऱ्यांदा. पहिली जन्मल्यावरच झाली होती, तेव्हाच शंका होती — ऋतुजानं आमाला सांगितलंच नव्हतं. आज पक्कं झालं. दोन्ही कान. डॉक्टरीणबाईंनी रामरावांना विचारलं, घरात कोणाला आहे का? रक्तातनं येतं कधी कधी. रामराव म्हणले, "न्हाई. दोन्हीकडं कोणालाच न्हाई." ऋतुजा खाली बघत होती. बाळ माझ्याच मांडीवर होतं.

आप्पांनी आणि मी सगळा दोष चक्कीलाच दिला.

मी हात वर केला.